डाव्या कोपऱ्याचं रबर

झेकाई उस्ता, नाही म्हणायच्या आधी
हा तुकडा हातात तरी घ्या, म्हटलं होतं मी.
पुढच्या काचेचं रबर, डाव्या कोपऱ्यातलं.
बावन्न वर्षांचं. वाळक्या अंजिरासारखं सुरकुतलेलं,
वाकवलं की कडकन् मोडणारं,
आणि मोडल्या जागी आत अजून काळंभोर, ताजं.

मी औषधं विकते.
तुमच्या गुडघ्याचं मलम माझ्याच दुकानातून जातं.
गाड्यांतलं मला काही कळत नाही.
पाऊस मात्र कळतो :
उलुदाच्या उतारावरून बुर्सात येतो,
माझ्या काचेपाशी थांबतो, जरा विचार करतो,
आणि नेमका क्लचवरच्या पायावर पडतो.
नऊ वर्षं झाली, गाडीत मी एक जादा मोजा ठेवते.
फक्त डावा.

किती नग, तुम्ही विचारलंत.
एकेचाळीस, मी म्हटलं.
तुम्ही हसलात. मागे तुमची प्रेसही
फुस्स करून हसली.
धुलाई-यंत्रांच्या दारांची रबरं
छतापर्यंत रचलेली, महिन्याला बारा हजार,
सगळी एकसारखी, जांभई देता देता थिजलेली.
पाचशेच्या खाली साचा करत नाही, म्हणालात.
पोलाद काय झाडाला लागतं?

मग मी दर गुरुवारी आले.
एकदा पाकातले चेस्टनट घेऊन.
एकदा वही घेऊन : चौतीस नावं, पुढे आगाऊ पैसे.
एस्कीशेहिरचा तिकीट-तपासनीस.
बालिकेसिरचे दोन भाऊ, एकमेकांशी अबोला, गाडी एकच.
डुइसबुर्गचा एक बेकरीवाला, त्याला आठ हवीत.
आठ कशाला, तुम्ही विचारलंत.
त्याच्यामागे मुलाला लागतील म्हणतो, मी म्हटलं.
तुम्ही चष्मा काढलात, पुसलात,
आणि पुन्हा नाही म्हणालात.

चहा मात्र दर वेळी दिलात.
नाही म्हणणाऱ्या माणसाने
इतका चांगला चहा देऊ नये.

मागच्या गुरुवारी मी काहीच आणलं नव्हतं.
तुकडा परत न्यायला आले होते.
तो फळीवर नव्हता.
तुमच्या भिंगाखाली होता, आणि तुम्ही शिव्या देत होता,
मला नव्हे,
पन्नास वर्षांपूर्वी आराखडा काढणाऱ्या कुणाला तरी.

"हा ओठ उलटा आहे, नेझिहे हानम! पाणी बाहेर ढकलायचं सोडून
पाहुण्यासारखं आत बोलावतो.
जुनं झालं म्हणून गळत नाही हे,
पहिल्या दिवसापासून गळतंय.
गाढवाने कोपरा दोन मिलिमीटर चुकवला!"

पाणी कुठेतरी मुरतंय, असं आपण उगाच म्हणत असतो.
तुम्ही बोट ठेवून दाखवलंत, कुठे.
खडूने जमिनीवर काढलंत, हातभर मोठं,
तुमचा पोऱ्या हातगाडी घेऊन
त्या चित्राला वळसा घालून गेला.

मी चाचरत म्हटलं,
लोकांना मूळचंच हवंय हो. हुबेहूब.
"हुबेहूब चूक? माझ्या साच्यातून?"
तुम्ही प्रेस बंद केलीत,
आणि इतक्या गुरुवारांत पहिल्यांदाच
मला तुमच्या पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला.

पोलाद नको, ॲल्युमिनियम चालेल, म्हणालात,
पन्नास काढतो, वरचे नऊ माझ्या कपाटात पडू देत.
वहीतल्या दोघांनी कळवलंय,
आम्हाला गळणारंच द्या. गळलं नाही तर ती आमची गाडीच नव्हे.
हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही.
तुमचा रक्तदाब मला माहीत आहे.

आज नमुना बसवला. नळी धरली काचेवर, पाव तास.
मोजा कोरडा. उगाच पाय हलवून पाहिला,
काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं.

उस्ता, चहा सांगा.
आणि रागावू नका,
पिशवीत अजून एक टीचभर वस्तू आहे.
दाराच्या हँडलखालची चकती.
बावीसच नग.
हातात तरी घ्या.